फुल्यांची अर्धीच साक्ष

मंडळी, पोस्ट मोठी आहे. जेवण झाल्यावर निवांत वाचा, नाहीतर उद्या एसटीत वाचा. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका. आजचा विषयच अर्धवट वाचण्याचा आहे.

झालं असं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एका विषयाच्या विभागात आता एकही कायम प्राध्यापक उरला नाही, अशी बातमी मी गेल्या आठवड्यात दिली. शेवटचे सर निवृत्त झाले, आता सगळा कारभार तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. बातमी गावच्या ग्रुपवर पडली आणि खाली चर्चा पेटली. एका जुन्या मित्राने लिहिलं, "सरकारने कॉलेजं पोसायची कशाला? आधी झेडपीच्या शाळांचे पत्रे बदला. महात्मा फुल्यांनी १८८२ लाच हे सांगून ठेवलंय." त्यावर पन्नासेक अंगठे. मला पण पहिल्यांदा वाटलं, बोलतोय ते खरं आहे. मग रात्री जुनी पुस्तकं काढून बसलो.

फुल्यांनी काय सांगितलं ते आधी बघू. १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर कमिशन नेमलं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणाचं काय झालं, पैसा कुठे गेला, हे त्याने तपासायचं होतं. फुल्यांनी पुण्याहून आपलं निवेदन दिलं, तारीख १९ ऑक्टोबर १८८२. त्यात त्यांनी सरकारच्या खतावणीवरच बोट ठेवलं. तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः शेतसाऱ्यातून, म्हणजे रयतेच्या घामातून. जातो कुठे? वरच्या शिक्षणावर, ज्याचा लाभ मूठभर वरच्या वर्गांना. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा मेकॉलेच्या काळापासूनचा सिद्धांत. फुल्यांनी विचारलं, इतक्या वर्षांत झिरपलं किती? प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, खेड्यातल्या शाळांना चांगले मास्तर आणि बरा पगार द्या, अशी त्यांची मागणी होती.

माझ्या मित्राची साक्ष इथे संपते. फुल्यांची संपत नाही.

त्याच निवेदनात पुढे उच्च शिक्षणाचा भाग आहे. तिथे ते म्हणतात की वरच्या शिक्षणाची भरपूर सोय झाली आणि बहुजनांची आबाळ झाली, ही ओरड काही अंशी खरी आहे. तरीसुद्धा देशाचं भलं चिंतणारा कोणीही माणूस सरकारने या घडीला उच्च शिक्षणावरचा हात काढून घ्यावा असं म्हणणार नाही. ज्या वर्गाकडे दुर्लक्ष झालं, त्याचीही तेवढीच काळजी घ्या, एवढंच मागणं आहे. सरकार बाजूला झालं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असंही त्यांनी बजावलं. इतकंच काय, घरी अभ्यास करून वरच्या परीक्षांना बसायची मुभा विद्यापीठाने द्यावी, असंही सुचवलं. आज ज्याला आपण बहिःस्थ म्हणतो ते.

म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला द्या, असं फुले म्हणालेच नव्हते.

कमिशनने काय केलं? प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांच्या गळ्यात घातल्या, ज्यांच्याकडे पैसाच नव्हता. वरच्या शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावं आणि खासगी प्रयत्नांना अनुदान द्यावं, अशी शिफारस केली. सक्ती राहिली कागदावर. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पडलं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात करून दाखवलं. देशात शिक्षणहक्क कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला. फुल्यांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांचा हिशोब होतो. 'आधी प्राथमिक' म्हणणाऱ्यांनी प्राथमिकसाठी किती घाई केली, ते यावरून कळतं.

पुढचा हिशोब बाबासाहेबांचा. १९२७ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि मार्च महिन्यातच शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. या इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करतं. जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, एवढीच मागणी. मी बरीच वर्षं बजेटच्या बातम्या करतो. साध्या माणसाला पहिल्या फटक्यात कळेल अशी याहून सोपी बजेटची बातमी माझ्या वाचनात नाही. पुढे त्याच बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादला मिलिंद कॉलेजाची सुरुवात केली. कर्मवीर अण्णांनी १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, पोरं तिथे कमवत शिकली. ज्यांनी आयुष्य खालच्या पायरीसाठी झिजवलं, त्यांनीच वरची पायरीही बांधायला घेतली. त्यांना ह्यात काही विसंगती दिसली नाही.

आता जरा बाहेर जाऊ, कारण हा वाद आपल्या गावचाच नाही.

१९८६ साली जागतिक बँकेने विकसनशील देशांतल्या शिक्षणाच्या पैशावर एक दस्तऐवज काढला. त्यामागे जॉर्ज साकारोपुलोस या अर्थतज्ज्ञाचं परताव्याचं गणित होतं. शिक्षणावर घातलेला एक रुपया पुढे पगाराच्या रूपात किती परत येतो? प्राथमिकवर सर्वांत जास्त, कॉलेजवर त्याहून कमी, असा हिशोब निघाला. म्हणून सल्ला दिला, की कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून फी वसूल करा, कर्ज द्या, खासगीला वाट मोकळी करा आणि सरकारी पैसा खाली वळवा. वाचताना माझ्या मित्राचीच कमेंट वाचतोय असं वाटतं. फरक एवढाच, की हा सल्ला ज्यांना मिळाला त्या देशांना बँकेकडून कर्ज हवं होतं. सावकाराचा सल्ला ऐकावाच लागतो, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको.

युगांडातलं मकेरेरे विद्यापीठ बघा. पूर्व आफ्रिकेतलं सर्वांत नावाजलेलं. सरकार तिथल्या पोरांची फीच नाही, राहणंखाणंही बघायचं. सुरुवातीच्या नव्वदीत पैसे भरणाऱ्या पोरांना प्रवेश सुरू झाले. दहा वर्षांच्या आत फी भरणारे बहुसंख्य झाले. ज्या कोर्सला गिऱ्हाईक जास्त, ते वाढले. वर्ग तुंबले, संशोधन मागे पडलं. महमूद ममदानींनी या सगळ्यावर पुस्तकच लिहिलंय, नाव साधारण 'बाजारातले विद्वान' अशा अर्थाचं.

आणि मग २००० साली जागतिक बँक आणि युनेस्कोने मिळून नेमलेल्या अभ्यासगटानेच लिहिलं, की तो परताव्याचा हिशोब तोकडा होता. कॉलेजमुळे फक्त पगार वाढत नाही. डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश तिथूनच येतात, आणि झेडपी शाळेतला मास्तरही तिथूनच येतो. ते मोजलंच नव्हतं. चौदा वर्षांनी सापडलेली ही चूक. पण एखाद्या विभागात चौदा वर्षं भरती झाली नाही तर काय उरतं, ते आमच्या कॉलेजात येऊन बघा.

भारतातही तोच वारा आला. १९९७ साली केंद्राच्या अर्थखात्याने सबसिडीवर एक टिपण मांडलं. त्यात प्राथमिक शिक्षण 'गुणवंत' खर्चात आणि कॉलेजचं शिक्षण त्याच्या बाहेरच्या खर्चात, म्हणजे जिथली सबसिडी कमी करायला हरकत नाही अशा खान्यात. २००० साली पंतप्रधानांच्या उद्योग परिषदेसाठी मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्लांनी अहवाल दिला, त्याचाही सूर तोच. सरकारने शाळा बघावी, कॉलेज ज्याने त्याने आपल्या पैशाने करावं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकाराने सोयीचंच उचललं.

दक्षिण कोरियाने जवळपास हेच केलं. युद्धाने देश बेचिराख झालेला, १९५४ पासून सहा वर्षांची योजना करून सरकारने पैसा ओतला तो प्राथमिक शाळांत. दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळी पोरं शाळेत. कॉलेजं बरीचशी खासगीवर सोडली. आजही तिथले बहुसंख्य विद्यार्थी खासगी संस्थांत शिकतात. देश कुठल्या कुठे गेला, हे मान्य करायलाच पाहिजे. पण बिल कोणी भरलं? आईबापांनी. २०११ साली तिथली पोरं 'फी अर्धी करा' म्हणत मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आली, तेव्हा सरकारला शिष्यवृत्तीसाठी तिजोरी उघडावी लागली. आणि एक गोष्ट विसरू नका. कोरियाने आधी खालची पायरी खरोखर बांधली. आपण वरची सोडायला घेतली तेव्हा खालचीही बांधून झाली नव्हती.

उलटं उदाहरण शेजारच्या श्रीलंकेचं. कन्नंगरांनी १९४५ साली बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत केलं. साक्षरतेत त्यांनी आपल्याला केव्हाच मागे टाकलं. पण विद्यापीठं मोफत ठेवायची तर जागा वाढवायला पैसा लागतो, तो आला नाही. परीक्षा पास होऊन पात्र ठरलेल्या पोरांपैकी थोड्यांनाच जागा मिळते, बाकीची दारात. फी नसणं आणि जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ साली तिथल्या प्राध्यापकांनी मोठा संप केला. मागणी काय होती माहितीय? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा.

सहा टक्के! आकडा ओळखीचा वाटला ना? आपल्या कोठारी आयोगाचा, १९६४ ते ६६. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाने सांगितलं की १९८५-८६ पर्यंत शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांवर न्या. १९६८ च्या धोरणात सहा टक्के, १९८६ च्या धोरणात सहा टक्के, २०२० च्या धोरणातही सहा टक्के. प्रत्यक्षात आपण तिथे एकदाही पोचलो नाही. आमच्याकडे बसस्टँडवर 'नियोजित शौचालय' अशी पाटी बरीच वर्षं होती. तसं आहे हे.

इंग्लंडने काय केलं ते थोडक्यात. १९६२ च्या कायद्याने तिथे पोरांना फी तर नव्हतीच, वर राहण्याचा खर्च सरकार द्यायचं. १९९८ ला वर्षाला हजार पौंड फी आली, २००६ ला तीन हजार, २०१२ ला नऊ हजार. चौदा वर्षांत नऊपट. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र आपल्या पोरांची फी नंतर काढून टाकली. जर्मनीत २००५ ला घटना न्यायालयाने राज्यांना फी लावायची वाट मोकळी केली. काही राज्यांनी सत्राला ५०० युरोच्या आसपास लावली, लोकांनी निवडणुकीत आणि सह्यांच्या मोहिमांत धरलं, आणि एकेक करत सगळ्यांनी ती मागे घेतली. शेवटचं लोअर सॅक्सनी, २०१४ ला. आज सांगली-कोल्हापुरात जर्मनचे क्लास का निघालेत, त्याचं एक उत्तर यात आहे. जर्मन करदात्याच्या पैशावर आपली पोरं शिकतायत, म्हणजे तिथल्या शेतसाऱ्यावर म्हणा ना. बाडेन-वुर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपबाहेरच्या पोरांना सत्राला १,५०० युरो लावलेत, तेवढं बघून जा.

चिलीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. पिनोशेच्या लष्करी राजवटीत, १९८१ ला, तिथली उच्च शिक्षणाची व्यवस्था खासगीला खुली झाली आणि सरकारी विद्यापीठांतही फी सुरू झाली. २००५ ला सरकारच्या हमीवर बँकांची शैक्षणिक कर्जं आली. पोर शिकलं की नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू. २०११ ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले, महिनोन्महिने. त्यांचे दोन पुढारी, कामिला वाय्येखो आणि गाब्रिएल बोरिच. सरकारने २०१६ पासून निम्म्या गरीब घरांतल्या पोरांची फी माफ केली, २०१८ ला ती मर्यादा ६० टक्क्यांवर नेली. बोरिच २०२१ च्या निवडणुकीत देशाचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. आमच्याकडे विद्यार्थी चळवळीतून आलेले पुढारी पुढे काय काढतात, हे लिहिलं तर माझ्या जाहिराती बंद होतील.

तर आता आपल्याकडे.

साठच्या दशकाच्या तोंडावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ईबीसी सवलत आणली. वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोराची फी माफ, जात कोणतीही असो. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं. आमच्या भागातली एक अख्खी पिढी या दोन गोष्टींवर ग्रॅज्युएट झाली. माझे वडील त्यातलेच. आजोबांना सही येत नव्हती. तलाठ्याचा दाखला आणायला ते तीन वेळा चालत गेले, असं वडील सांगायचे. त्या काळात महाराष्ट्र सरकार काही श्रीमंत नव्हतं. एकाच सरकारला शाळाही काढायच्या होत्या, धरणंही बांधायची होती.

मग ऐंशीचं दशक. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या सरकारी जागा मूठभर, आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायला लागली. आमच्या घरातलं उदाहरण सांगतो. थोरल्या चुलत भावासाठी चुलत्यांनी ओढ्याकाठचं दीड एकर विकलं. पावती मिळाली त्याहून कितीतरी जास्त रक्कम टेबलाखालून गेली. तो इंजिनिअर झाला, पुण्यात बरा आहे. ओढ्याकाठचं रान दुसऱ्याचं झालं, आणि चुलते मरेपर्यंत त्या बांधावरून गेले नाहीत, लांबचा वळसा घालायचे.

१९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. माझ्या मते त्या दिवशी चुकीचा प्रश्न विचारला गेला नव्हता. पोरं आणि पैसा राज्याबाहेर चाललाय, सरकारकडे कॉलेजं काढायला पैसे नाहीत, मग करायचं काय? जागा वाढल्या हे खरंच आहे. आज पुण्या-मुंबईत नोकरी करणारी कितीतरी पोरं त्याच कॉलेजांतली आहेत. पण अपवाद म्हणून उघडलेलं दार नंतर राजमार्ग झालं. डोनेशन इतकं बोकाळलं की १९८७ ला सरकारलाच कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. मग कोर्टकज्जे, उन्नीकृष्णन १९९३, टीएमए पै २००२, इनामदार २००५. पुढे पुढे साध्या बीए-बीकॉमलाही नवी परवानगी मिळायची ती 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर. कायम हा शब्द सरकारने कुठे वापरला बघा. अनुदान नाही हे कायम, आणि प्राध्यापक मात्र तासावर.

आणि पैसा अजिबात जात नाही असंही नाही. शिष्यवृत्त्या आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं. चांगला निर्णय आहे, मी तेव्हाही चांगलंच लिहिलं होतं. पण पैशाची दिशा बघा. आधी सरकार कॉलेजला पैसे द्यायचं, त्यातून मास्तर यायचा, ग्रंथालय यायचं, ते गावात राहायचं. आता सरकार पोराच्या नावावर फी भरतं आणि ती संस्थेकडे जाते. पोर पास होऊन गेलं की गावात काय शिल्लक राहतं? फी माफ झालेल्या मुलीला वर्गात शिकवायला कोण उभं आहे, हा प्रश्न त्या जीआरमध्ये नाही.

वर्गात उभा असतो तो आमचा सीएचबीवाला. माझ्या ओळखीचे एक सर आहेत, नेट-सेट दोन्ही पास, पीएचडी झालेली, चाळिशी ओलांडलेली. तासाप्रमाणे मानधन, तेही तीन-चार महिन्यांनी एकदम, सुट्टीत शून्य. मे महिन्यात ते बेदाण्याच्या शेडवर हिशोब लिहायला जातात. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीची बारावी झाली. मला म्हणाले, "तिला बीएड करू द्यावं का? मास्तर व्हायचं म्हणतीय." मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "झेडपीत भरती निघाली तर बरं होईल, निदान कायम तरी असेल."

ग्रुपवर 'झेडपीचे पत्रे आधी' लिहिणाऱ्या माझ्या मित्राला एवढंच विचारायचं होतं, की त्या पत्र्याखाली शिकवायला जी पोरगी जाणार आहे, ती शिकणार कुठे? पण तो भला माणूस आहे, आणि त्याच्या गावच्या शाळेचं छप्पर खरंच गळतं, मी पाहिलंय. जूनमध्ये पोरं दप्तरं डोक्यावर धरून बसतात. दोन्हीसाठी एकाच तिजोरीत हात घालायचा आहे, आणि त्या तिजोरीतून तिसरीकडे काय काय जातं त्यावर आम्ही दोघांनी मिळून एक बातमी करायची ठरवलीय. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, उत्तर आलं की इथेच टाकतो.

तोवर एक काम करा. वडिलांची ट्रंक उघडली तेव्हा मला त्यांचा ईबीसीचा अर्ज सापडला, शेजारी आजोबांचा अंगठा. तुमच्याही घरात आईवडिलांच्या, आजोबांच्या कॉलेजच्या पावत्या, सवलतीचे दाखले, वसतिगृहाची मेसबिलं असतील. फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. नाव-पत्ता झाकून पाठवलं तरी चालेल, वर्ष आणि रक्कम तेवढी दिसू द्या.